तिकडचे चिरोटे

मैद्याची पोळी तिसऱ्यांदा दुमडून सुभद्रेने ओल्या फडक्यात गुंडाळली आणि खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवली. पौषातली सकाळ होती. प्रतापनगरच्या मोकळ्या प्लॉटांवरून वारा सरळ घरात घुसत होता.

पलंगावरून मधुकरराव तिच्याकडे बघत होते. त्यांचा आवाज फाटला होता, शब्दागणिक घसा दुखे, म्हणून ते जपून बोलत. तरी डेन्मार्कात ज्या बाईच्या घरी ते राहत, ती पीठ असंच खिडकीबाहेर ठेवायची, हे त्यांनी सकाळपासून दोनदा सांगून घेतलं होतं. दोघांचं लग्न नवं होतं तेव्हा ते नोकरीला असलेल्या डेअरीने त्यांना तिकडे शिकायला पाठवलं होतं. रविवारी त्या घरी एक पदार्थ होई. चिरोट्यासारखेच पदर, पण फुगलेले, आणि मध्ये मुरंबा. त्याच्या नावाला त्यांची जीभ कधी वळली नाही. ते त्याला तिकडचे चिरोटे म्हणत. परत आल्यावर त्यांनी गल्लीत इतक्यांना त्या चिरोट्यांचं वर्णन ऐकवलं, की समोरचे भैय्याजी अजून त्यांना डेन्मार्कवाले म्हणूनच हाक मारत.

दिवाळीपासून त्यांच्या घशाखाली पातळ पेजेशिवाय काही उतरत नव्हतं. इस्पितळात विजेचे शेक देऊन झाले होते. रोगाचं नाव घरात कोणी घेत नसे. घट्ट घास गिळता आला तर पुढचं बघू, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. म्हणून परवा मधुकररावांनी आपण होऊन तिकडच्या चिरोट्यांची आठवण काढली, तेव्हा सुभद्रेला धीर आला. माणसाला खावंसं वाटलं, म्हणजे उतार पडतोय, असं तिने मनाशी धरलं. त्यांनी पिठाचं, खमिराचं सगळं नीट सांगितलं. उन्हाळ्यात लोणी टिकायचं नाही, आत्ताच करून घे, असंही म्हणाले. उन्हाळ्याचं पुढे दोघांनीही काही काढलं नाही.

घरचं लोणी मात्र पहिल्याच लाटण्याला चारी बाजूंनी बाहेर आलं होतं. शेजारच्या कौशल्याबाई आपला गोल ओव्हन घेऊन आल्या होत्या. त्या तशाच परत गेल्या आणि दुकानातल्या पिवळ्या लोण्याची वडी घेऊन आल्या. चांगली घट्ट होती. जन्मभर दुधालोण्यात काढलेल्या माणसाला विकतचं चालणार नाही, ही सुभद्रेला धास्ती.

"सांगतेस काहून वं त्याईले?" कौशल्याबाई हळूच म्हणाल्या. "पदर सुटले म्हंजे झालं."

पदर सुटले. ओव्हनचं झाकण उचललं तेव्हा एकेक वेगळा दिसत होता. मुरंबा तेवढा ओघळून खालच्या ताटलीत जळला होता. घरभर वास सुटला आणि मधुकरराव कोपरावर रेटा देऊन उठून बसले. कितीतरी दिवसांनी ते असे कोणाच्या आधाराशिवाय उठले होते. सुभद्रेने घाईघाईने एक देवापुढे ठेवला आणि दोन बशीत घेऊन बाहेर आली.

तिने चाखून पाहिला नव्हता. रांधताना ती कधीच चाखत नसे. देवाच्या आणि नवऱ्याच्या आधी जीभ लावायची नाही, हे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. मीठ ती हाताच्या अंदाजाने घाली, आणि आजवर तिचा हात चुकला नव्हता.

मधुकररावांनी एक उचलला. उजेडाकडे धरून पाहिला. फिरवून खालून पाहिला. त्यांनी त्याचा तुकडा मोडला तेव्हा सुभद्रेने पाण्याचा पेला पुढे सरकवला. त्यांनी तो तिच्यापुढे धरला.

"आधी तुम्ही घ्या," ती म्हणाली. "नखाएवढा घ्या. पाण्यासंगं उतरेल."

"मले नाही उतरत वं आता."

त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं. मग थांबत थांबत पुढचं. तिकडून येताना त्यांनी तिच्यासाठी डबाभर चिरोटे घेतले होते. बोटीवर त्यांना बुरशी आली. सगळे समुद्रात टाकावे लागले, आणि इथे आल्यावर सांगायची लाज वाटली.

"सगळ्या गल्लीले सांगत बसलो," ते म्हणाले. "तुले खाऊ घालायचं राहूनच गेलं."

म्हणजे परवाची ती भूक नव्हती. सुभद्रा बशी धरून उभी राहिली. त्यांचा हात अजून तसाच पुढे धरलेला होता, म्हणून तिने वाकून तुकडा तोंडात घेतला.

खारट होता. विकतच्या लोण्यात मीठ असतं हे तिला कोण सांगणार होतं? त्यावर तिचं पिठातलं मीठ. गोडाचा कुठे मागमूस नव्हता.

मधुकररावांची नजर तिच्या तोंडावर खिळली होती.

"गोड झाला?"

"झाला," ती म्हणाली. "छान गोड झाला."

त्यांनी उशीला डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले.

"कुरकुर ऐकू येऊन राहिली," ते म्हणाले. "तिकडे अशीच यायची. खा. दुसरा पण खा."

सुभद्रेने दुसरा उचलला. पहिलाच घास अजून खाली गेला नव्हता. तरी ती त्यांच्या उशाशी बसली, आणि त्यांना नीट ऐकू जावं म्हणून मोठ्याने चावत राहिली.