दांड्याचं पुढे काय होतं

"तुझं नाव काढलंय," उपसंचालक म्हणाले. "नवख्या नावाने शोधनिबंधाचं वजन कमी होतं. आभारात घालतो."

"आभारातही नको, सर," ती तरुण संशोधक म्हणाली.

उपसंचालकांना गहिवरून आलं. लोकांची नावं खोडण्यात त्यांची हयात गेली होती. कुणी रडलं होतं, कुणी भांडलं होतं, एकाने तर दार आपटून बिजागरी निखळवली होती. इतकी समंजस मुलगी त्यांच्या पाहण्यात नव्हती.

संस्था आकाशाचा अभ्यास करायची आणि तिची रचनाही आकाशातूनच उचलल्यासारखी होती. काही सर्पिल दीर्घिकांच्या मधोमध ताऱ्यांचा एक लांब दांडा असतो. त्याच्या दोन्ही टोकांना बाहू फुटतात. बाहूंमधला वायू दांड्यावरून घसरत मध्याकडे जातो. मध्यात कृष्णविवर बसलेलं असतं. ते खातं. इथे दोन्ही बाजूंच्या लांबलचक व्हरांड्यांत संशोधक बसत आणि मधल्या खोलीत संचालक, म्हणजे मोठे सर. त्या खोलीत निबंध, कल्पना, बरी लिहिणारी पेनं आणि एकदा कुणाची तरी छत्री आत जाताना सगळ्यांनी पाहिली होती. बाहेर येताना कुणी काही पाहिलं नव्हतं. व्हरांड्यातला माल मधल्या खोलीपर्यंत पोचवायचे ते उपसंचालक. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना 'दांडा' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

या खेपेला मात्र माल पोचवायचा नव्हता, स्वतःकडेच ठेवायचा होता. मोठे सर महिनाअखेर निवृत्त होणार होते. मधल्या खोलीवर हक्क सांगायचा तर नियामक मंडळासमोर एकट्याच्या नावाचं काहीतरी दाखवायला हवं होतं.

तिने संगणकावर गणिताने एक अख्खी दीर्घिका उभी केली होती. दिवा मालवून तिने ती भिंतीवर सुरू केली. कोट्यवधी वर्षं भराभर सरकू लागली. बाहूंमधून वायू निघाला, दांड्यावर चढला आणि निमूटपणे मध्यात जाऊन गडप झाला.

"वा! दांडा कसा राबतोय बघ!" उपसंचालक म्हणाले आणि घड्याळ पाहून उठले. पडदेवाला यायचा होता. मधल्या खोलीच्या खिडक्यांची मापं त्यांनी, मोठे सर जेवायला गेलेले असताना, आधीच घेऊन ठेवली होती.

"सर, शेवट तेवढा बघून जा."

"अगं, शेवट काय बघायचा? दांडा मध्याला पोसतो. हे आम्ही तुझ्या जन्माआधीपासून शिकवतोय."

तिने पहिल्या चित्रावर त्यांचं एकट्याचं नाव घातलं. चांगलं ठसठशीत घातलं.

मंडळाच्या बैठकीत मोठे सर अर्थातच मधल्या खुर्चीवर होते. प्रोजेक्टर तिच्याकडे होता. भिंतीवर वायू वाहू लागला, उपसंचालक उभे राहून छडीने दाखवू लागले. ज्या जागी ते परवा उठून गेले होते ती जागा आली आणि गेली. वायू जातच राहिला. मध्य फुगतच राहिला. मग दांड्याची टोकं थरथरली. एकेक तारा वाट सोडून भरकटू लागला. बघता बघता दांडा पसरट झाला, फिकट झाला आणि विरून गेला. मध्य जागच्या जागी होता. उलट जरा जास्तच धष्टपुष्ट दिसत होता.

उपसंचालकांची छडी हवेतच राहिली.

"म्हणजे खाऊन खाऊन मध्य इतका जड होतो, की त्याच्या ओढीनेच दांडा मोडतो," मोठे सर म्हणाले. त्यांना सगळं पटकन कळे. संचालक ते उगाच नव्हते. "आणि दांडा गेला तरी मध्याचं काही अडत नाही. छान! मंडळ मला आणखी पाच वर्षं द्यायला तयार आहे, पण त्यासाठी एक पद कमी करा म्हणतं. कोणतं, ते सुचत नव्हतं. तुम्ही शास्त्रशुद्ध मार्ग दाखवलात."

"सर, गणितात कुठेतरी चूक असेल," उपसंचालक कसंबसं म्हणाले.

"चूक? तुमच्या गणितात?" मोठ्या सरांनी चष्मा काढला. "की हे गणित तुमचं नाहीच? तसं असेल तर चौकशी बसवावी लागेल. दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवणं मला मुळीच चालत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे."

मंडळाच्या माना आदराने हलल्या.

"मी सांगू का, सर?" प्रोजेक्टरपाशी उभी असलेली ती नम्रपणे म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. मधल्या खोलीतून पडदेवाल्याची हातोडी ऐकू येत होती.

"माझंच आहे, सर!" उपसंचालक घाईघाईने म्हणाले. "पहिल्यापासून शेवटपर्यंत माझंच. हिचं तर आभारातसुद्धा नाव नाही."