तिसरी मादी

अंड्यातून उजेड आरपार गेला. आत पिवळट पाणी, बाकी काही नाही. गोजरबाईनं ते अंडं मडक्यात ठेवलं, दुसरं काढलं आणि सुनेनं धरलेल्या मोबाईलच्या बॅटरीसमोर फिरवलं. तेही तसलंच. पाचही अंडी बघून झाल्यावर तिनं हात पदराला पुसले.

"हीबी वांझ निघाली," ती म्हणाली.

अश्विनीनं बॅटरी बंद केली. हा शब्द ती या घरात सहा वर्षं ऐकत होती. आता तो पाखरांनाही लागू झाला होता, एवढाच फरक.

लव्हबर्ड पाळायचं खूळ गोजरबाईचंच. ज्या घरात पिल्लं चिवचिवतात त्या घरात पाळणा हलतो, असं तिच्या राहुरीच्या बहिणीनं सांगितलं होतं. बहिणीला सात नातवंडं, त्यामुळे तिच्या बोलण्याला वजन होतं. गोजरबाईचा एकुलता एक मुलगा रविराज सोनईच्या बाजारातून जोडी घेऊन आला. निळ्या नाकाचा नर, तपकिरी नाकाची मादी. पिंजऱ्यात मडकं टांगलं. तेव्हापासून गोजरबाईनं त्या मादीचं जे केलं, ते स्वतः गोजरबाईचं तिच्या बाळंतपणातही कुणी केलं नव्हतं. राळे निवडायचे, हरभरे भिजवायचे, कोथिंबीर धुऊन घालायची. अंड्याचं कवच टणक व्हावं म्हणून पिंजऱ्याला समुद्रफेस बांधलेला. मादी मडक्यात बसली की घरात मिक्सर लावायला बंदी. अश्विनीनं सहा महिने चटणी पाट्यावर वाटली.

अंडी झाली, पिल्लू नाही. गोजरबाईनं मादी बदलली. दुसरीनं सहा अंडी घातली, सगळी कोरी. तीही बदलली. ही तिसरी.

दर वेळी अश्विनी म्हणायची, "हिला राहू द्या, आत्या. हिचा काय दोष?"

"मग कुनाचा?" गोजरबाई विचारायची. त्याचं उत्तर सुनेनं कधी दिलं नाही. समोरून उत्तर आलं नाही की आपलंच खरं, असं गोजरबाईचं साधं गणित होतं.

सुनेच्या बाबतीतही तिनं काही कमी ठेवलं नव्हतं. चार डॉक्टर केले. चौघांनीही सुनेत काही दोष नाही असं सांगितलं, त्यावरून गोजरबाईनं डॉक्टरांत दोष काढला. नगरची डॉक्टरीण तर म्हणाली, मुलाला घेऊन या. गोजरबाई तिथून उठलीच. उसाची मोळी एकट्यानं ट्रॉलीत फेकणाऱ्या माणसाचं तपासायचं काय? आता दिवाळी झाली की अश्विनीला देवळालीला माहेरी पोचवायचं, आणि ते कायमचं, हे तिनं ठरवून टाकलं होतं. नेवाशाकडची एक मुलगीही बघून ठेवली होती. रविराज यावर हो म्हणाला नव्हता. नाहीही म्हणाला नव्हता. जेवत होता आणि शेतावर जात होता.

चौथी मादी आणायला गोजरबाई स्वतः बाजारात गेली. दुकानदार चांदभाई पाखरांतच म्हातारा झालेला माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, तीन माद्या झाल्या. नर?"

"नर तोच हाय. लई गुनी हाय. दिवसभर गातो, तिला घास भरवतो."

"गान्यानं अंडं भरत न्हाई," चांदभाई म्हणाला. "मादी हाय ती राहू द्या. ह्यो नर घेऊन जा."

गोजरबाईला हे मुळीच पटलं नाही. पण चांदभाई मादी द्यायलाच तयार होईना, म्हणून तिनं नर घेतला. घरी येऊन जुन्या गुणी नराला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं. तिथं तो एकटाच दिवसभर गात बसला.

महिन्याभरानं त्याच तिसऱ्या मादीनं चार अंडी घातली. तोवर दिवाळी होऊन गेली होती. अश्विनीची बॅग भरून ठेवलेली होती. उद्या सकाळी तिचा भाऊ अमृत तिला न्यायला येणार होता. संध्याकाळी गोजरबाईनं नेहमीप्रमाणे अंडं काढलं, अश्विनीनं नेहमीप्रमाणे बॅटरी धरली.

अंड्यात तांबड्या रेघांचं जाळं होतं, पिंपळाच्या पानावर असतं तसं. मधोमध एक ठिपका होता आणि तो हलत होता.

गोजरबाईनं दुसरं अंडं बघितलं. तिसरं बघितलं. चौथं काढलंच नाही. तिला स्वतःची लाज वाटली. असं तिच्या आयुष्यात फारसं झालेलं नव्हतं, त्यामुळे पुढं काय करायचं ते तिला चटकन सुचेना.

"मादी तीच हाय," ती शेवटी म्हणाली.

"व्हय," अश्विनी म्हणाली.

रविराज ओसरीवर जेवत होता. गोजरबाई त्याच्या समोर जाऊन बसली. तिनं आधी सुनेला सांगितलं, "अमृतला फोन लाव. उद्या येऊ नको म्हनावं. उद्या न्हाई, परवाबी न्हाई." मग ती मुलाकडं वळली. "अन् तू उद्या शेतावर जायाचं न्हाई. नगरला त्या डॉक्टरनीकडं जायाचं. तुला तपासून घेऊ."

रविराजचा हात ताटातच थांबला. त्यानं मान वर केली नाही. अश्विनीनं त्याच्या ताटात अर्धी भाकरी वाढली.

"ते जाऊन आलेत, आत्या," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली."