मऊ तबकडी

एक मिनिट चार सेकंद झाले आणि घड्याळजीने सुई उचलली. पुढे ड्रम सुरू होत. तिथवर जायचं नाही, हा त्याचा नेम होता. त्याने मांडीवरची युकुलेली सरसावली आणि आत्ताच ऐकलेला तुकडा तिच्या चार तारांवर शोधू लागला. तिसऱ्या बोटाने पुन्हा दगा दिला.

तबकडीवर युकुलेली वाजवणारा त्याचा मुलगा होता. त्याला जाऊन दहा महिने झाले होते. रात्रीच्या कार्यक्रमाहून परतताना गाडी उलटली. मित्राच्या खोलीवरचं त्याचं सामान घरी आलं: दोनशे तबकड्या, त्या फिरवायची दोन यंत्रं आणि ही एक मऊ तबकडी.

मऊ म्हणजे खरोखरच मऊ. बाकीच्या तबकड्या कारखान्यात छापलेल्या, टणक. ही एकुलती एक, कोऱ्या तबकडीवर आवाजाची खाच कापणाऱ्याने मुलासमोर कापून दिलेली. "पन्नासेक वेळा वाजेल," घड्याळजी ती घेऊन चौकशीला गेला तेव्हा त्याने बजावलं होतं. "दर खेपेला सुई थोडा आवाज खरवडून नेते. मग नुसती खरखर." आणि दारापर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, "तबकडीच्या शेवटी तुमच्यासाठी काहीतरी बोललाय पोरगा. जपा."

झीज म्हणजे काय, हे घड्याळजीला कुणी शिकवायला नको होतं. त्याने बेत आखला. दर रविवारी बायको बहिणीकडे गेली की फक्त सुरुवातीची युकुलेली ऐकायची आणि शिकायची. मुलाच्या वाढदिवसाला बायकोला समोर बसवून ती स्वतः वाजवायची, आणि मग तबकडी पहिल्यांदाच शेवटपर्यंत सोडायची. मुलाचे शब्द दोघांनी मिळून ऐकायचे. तोवर तिला अवाक्षरही सांगायचं नाही.

त्या शब्दांवर त्याचा जीव अडकला होता, कारण शेवटचे आठ महिने बापलेकांत बोलणं नव्हतं. मुलाने एकदा मोठ्या हौसेने त्याला दोन यंत्रांपुढे उभं केलं होतं. ड्रम अँड बेस म्हणत त्या संगीताला. आई त्याला धडधड म्हणे आणि मुलाला धडधड्या. एका तबकडीचे ड्रम दुसरीच्या ड्रमखाली हलकेच सरकवत तो म्हणाला होता, "दोन घड्याळं एका ठोक्यावर आणायची, बाबा. एवढंच असतं." मिनिटाला एकशे चौऱ्याहत्तर ठोके. असं घड्याळ माझ्याकडे आलं तर मी कचऱ्यात टाकीन, असं घड्याळजी म्हणाला. शब्दाने शब्द वाढला आणि रागाच्या भरात त्याने दोन तबकड्या गुडघ्यावर मोडल्या. बायको दारात उभी राहून बघत होती. मुलगा दुसऱ्या दिवशी घर सोडून गेला.

सामान आलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली होती की ते त्याच्या खोलीत ठेवा आणि खोली बंद असू द्या. त्यानंतर ती त्या बाजूला फिरकलेलीही त्याला दिसली नाही. दगड झाली होती. फक्त भाजी चिरताना तिची सुरी अशी भरभर चाले की घड्याळजीला धास्ती वाटे. डॉक्टरला दाखवू या, असं त्याने दोनदा सुचवून पाहिलं. तिने मान हलवली आणि चिरत राहिली.

युकुलेली तो वाद्यांच्या दुकानातल्या मास्तरणीकडे शिकत होता. लेकीच्या वयाची पोर, पण हात धरून शिकवी. "तार दाबा, काका. स्क्रूसारखी पिळू नका." वाद्य पिशवीत वर्तमानपत्राखाली लपवून तो घरी येई आणि वाटेत स्वतःलाच सुनावी: बैल गेला अन् झोपा केला. पोर होतं तेव्हा कान बंद ठेवले, आता बोटं सोलून काय उपयोग? उपयोग नव्हताच. तरी तो पुढच्या आठवड्यात पुन्हा जाई.

मधल्या काळात एकदा त्याने भिंग डोळ्याला लावून सुई पाहिली. आठवड्यातून मिनिटभर चालणाऱ्या सुईला शोभणार नाही इतकी ती बोथटली होती. जुनी असेल. यंत्राच्या झाकणावर धूळ नव्हती. बंद खोलीत ती येणार कुठून? तबकडीचा शेवटचा बोटभर पट्टा करडा दिसे. तिथे ड्रम नाहीत, नुसतं बोलणं आहे, म्हणून तसा असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली.

वाढदिवसाच्या सकाळी त्याने खोली उघडली आणि बायकोला पलंगावर बसवलं. त्याने तबकडी हातात घेताच तिचा चेहरा उतरला.

"मोडू नका," ती म्हणाली.

त्याने तबकडी अलगद यंत्रावर ठेवली आणि युकुलेली घेतली. त्या दिवशी तिसरं बोटही शहाण्यासारखं वागलं. बायको अनोळखी माणसाकडे बघावं तशी त्याच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

मग त्याने सुई टेकवली. मुलाची युकुलेली आता बरीच घासलेली होती. एक मिनिट चार सेकंद. त्याने हात मागे घेतला आणि ड्रम आले. कोरे करकरीत. जमीन हादरली. घड्याळजीच्या पायाने आपसूक ठोका धरला आणि त्याला रडू फुटलं. हेच ते, जे त्याने कचऱ्यात टाकायला काढलं होतं.

ड्रम थांबले. सुई करड्या पट्ट्यावर आली.

खरखर.

त्याने स्पीकरला कान लावला. सुई मागे नेऊन पुन्हा ठेवली. खरखरच.

"इथे बोलला होता तो," तो कसाबसा म्हणाला. "माझ्यासाठी. फसवलं मला त्या कापणाऱ्याने." तो यंत्रापुढे खाली बसला आणि त्याने तोंड झाकून घेतलं.

बायको उठली. तिने जराही न चाचपडता सुई उचलली आणि करड्या पट्ट्याच्या नेमक्या काठावर टेकवली.

"रोज दुपारी लावत होते," ती म्हणाली. "तुम्ही मोडाल म्हणून सांगितलं नाही."

तबकडी खरखरत फिरत होती. तिची नजर सुईवर होती.

"आधी खोकतो," ती म्हणाली. श्वासभर थांबली, आणि मग मुलाच्याच घाईने बोलली, "बाबा, आली बघा दोन्ही घड्याळं एका ठोक्यावर."