इरकलीचं कव्हर

संध्याकाळी सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला दाखवायचा व्हिडिओ अजून अर्धाही तयार नव्हता. वृंदानं कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या काळ्या खिडकीतली कमांड बदलून पाहिली, पुन्हा चालवली. टक्क्यांचा आकडा हलायला तयार नव्हता.

वैतागून ती वायर बघायला टेबलाखाली वाकली आणि थबकली. कॉम्प्युटरच्या डब्यावर सासूबाईंच्या जुन्या इरकलीचं नवंकोरं कव्हर होतं, काठासकट, चहूबाजूंनी बंद. आत पंखा घुसमटला होता, मशीन तापलं होतं.

"मिक्सरला शिवलं, म्हटलं यालाही शिवावं. किती धूळ बसते त्याच्यावर," सासूबाई दारातून म्हणाल्या. "चुकलं का गं?"

वृंदानं कव्हर काढलं. थोड्या वेळानं आकडा भराभर पळू लागला. मग तिनं त्याच कव्हरवर, पंख्याच्या जागी, खडूनं गोल काढला.

"आई, इथे एवढं मोठं काज करून द्या. मग परत घालू."