नव्या भाताचा वास

पाचव्या दिवशीही चिमीच्या मुखातून नाव निघाले नाही.

डोळखांबच्या डोंगरातील त्या पाड्याची सर्व माणसे देवाच्या दगडासमोर बसली होती. ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला असेल, त्या घराने नव्या तांदळाचा भात पळसाच्या पानावर वाढावा, मृताला नावाने जेवायला बोलवावे, आणि त्यानंतरच पाड्याने नवे खावे, असा त्यांचा नियम होता. लहान मुलाला मात्र आईनेच बोलवायचे. चिमीचा सहा वर्षांचा नवशा वैशाखात, वीटभट्टीवर, तापाने गेला होता. तेव्हापासून तिने त्याचे नाव एकदाही उच्चारले नव्हते.

पानावरचा भात थंड झाला. त्यावर मुंग्या चढू लागल्या.

"नाव घे गो चिमे," म्हातारी हिरी म्हणाली. "त्याला भूक लागली आसंल."

चिमीचे ओठ हलले. परंतु ध्वनी उमटला नाही.

जुने धान्य सर्वांचेच संपले होते. कणग्या नव्या पिकाने भरलेल्या असूनही चार दिवस घरोघरी रानातून खणून आणलेले कडूकांदे उकडून गुजराण चालली होती. बसलेल्यांपैकी पंढरी म्हणाला की, कांदे खाऊन त्याची जीभ इतकी कडू झाली आहे की बायकोसुद्धा आता त्याच्याशी भांडायला धजत नाही. लोक हसले. मग त्यांची दृष्टी चिमीकडे गेली आणि हसणे थांबले.

तिचा नवरा बुधू याला ते सहन झाले नाही. तो उभा राहिला, त्याने हात जोडले, आणि आमच्यापायी लेकरांचे हाल नकोत, तुम्ही नवे खायला आरंभ करा, अशी सर्वांना विनंती केली.

हिरीने पानावरच्या मुंग्या बोटाने दूर केल्या.

"तिचा पोर उपाशी, आन् आमची पोरं जेवतील व्हय रे बुधू?" ती म्हणाली. "उद्या बसू."

माणसे उठली. जाताना एकानेही चिमीकडे रागाने पाहिले नाही. तेच तिला अधिक असह्य झाले.

घरी येऊन ती उंबऱ्यावर बसली. थोड्या वेळाने पाड्यातल्या सर्व चुली पेटल्या व छपरांतून धूर निघाला. तिने पुन्हा पुन्हा श्वास ओढून पाहिला. निदान एका घरातून तरी नव्या भाताचा वास यावा, असे तिला वाटत होते.

तो कुठूनही आला नाही.