स्पीकरवरचं लुगडं

जुने पेटीवाले स्पीकर आणि नवे प्लॅनर, दोन्हींवर एकच गाणं आलटूनपालटून लावून मी फरक ऐकत होतो. नवे म्हणजे दारासारख्या उंच, पातळ चौकटी. आत चुंबकांपुढं थरथरणारा झिरझिरीत पडदा. शिरूरहून आलेल्या आईनं त्यातल्या एकीवर ओलं लुगडं वाळत घातलं. “माय, स्पीकर हाय त्यो!” मी ओरडलो. “मला वाटलं, आडोसा हाय,” ती ओशाळली. ते काढायला मी हात घातला, तेवढ्यात लुगड्यामागून गायिकेचा आवाज आला, अगदी जवळचा. लहानपणी दुष्काळात आम्ही सहकारी साखर कारखान्यावर ऊसतोडीला जायचो, तेव्हा पाचटाच्या कोपीत, त्या इवल्या झोपडीत, असाच लुगड्याचा आडोसा असायचा. पलीकडं आई भाकरी थापत ओव्या म्हणायची. तिच्या आवाजाच्या भरवशावर मी अलीकडं झोपायचो. गाणं बंद केलं. “राहू दे. तूच तिकडं बसून ओवी म्हण.” “ल्हान हाईस का आता?” म्हणत ती लुगड्यामागं गेली.