फळ्याशेजारची खिडकी

"मी खिडकी उघडते, ह्या बंद करतात. रोज! वर्ग माझा आहे की ह्यांचा?" तिसरीच्या वर्गशिक्षिका सबनीस बाईंनी लेखी तक्रार मुख्याध्यापिकांच्या टेबलावर आपटली.

ऋजुताला कमी ऐकू येतं म्हणून वर्गात नेमलेल्या मदतनीस शेवंताताई दाराशी उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"बाई खिडकीकडे पाठ करून शिकवतात," त्या म्हणाल्या. "मागून ऊन येतं आणि बाईंचं तोंड अंधारात राहतं. पोरीला ओठ दिसत नाहीत."

"मी मोठ्यानं बोलते की!"

"मोठ्यानं बोलून काय उपयोग, बाई? ती ओठ बघून समजून घेते."

ऋजुताच्या प्रगतिपुस्तकात सबनीस बाईंनीच दोनदा शेरा मारला होता : लक्ष देत नाही.

"मग आधी का नाही सांगितलंत?" त्यांचा आवाज उतरला होता.

"सांगायला आले होते. मदतनिसानं वर्गात बोलायचं नाही, असं म्हणालात."

सबनीस बाईंनी तक्रार उचलली आणि घडी घालून पर्समध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताच त्यांनी स्वतः ती खिडकी लावून घेतली. दारातून येणाऱ्या उजेडात उभ्या राहिल्या आणि शेवंताताईंना विचारलं, "आता दिसतंय का हो तिला?"

शेवंताताई जागच्या हलल्या नाहीत.

"मला काय विचारता, बाई? तिलाच विचारा."